'छान' म्हणणारे खूप, वाचणारे चार: सातपूरच्या एका कथालेखकाचं पहिलं पुस्तक

(ओळख पटू नये म्हणून वय, हुद्दा आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. आकडे या एका पुस्तकाचे आहेत. कागदाचे आणि छपाईचे भाव सतत हलतात, तेव्हा ते दर म्हणून धरू नयेत.)

पार्श्वभूमी

लेखक पन्नाशीचे, सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये कामाला, राहायला सिडकोत. पंधरा-सोळा वर्षं कथा लिहीत होते. आधी वहीत आणि २०१८ नंतर मोबाइलवर. विषय बहुतेक कारखान्यातलेच: पाळ्या, कंत्राटी पोरं, रिजेक्शनवरून, म्हणजे नापास ठरलेल्या मालावरून होणारी भांडणं, निवृत्तीच्या आदल्या दिवशी लॉकर रिकामा करणारा माणूस. पाच कथा त्यांनी प्रतिलिपी या ऑनलाइन कथांच्या मंचावर टाकल्या होत्या. बाकीच्या व्हॉट्सॲपच्या तीन गटांत फिरत.

नाशिकमध्ये लिहिणाऱ्याला कानावर पडायला साहित्य कमी नाही. १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे नाशिककरांचं सावाना, इथे ते दर रविवारी जात. डिसेंबर २०२१ मध्ये ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आडगावला भरलं, तेव्हा तिन्ही दिवस ते मांडवात होते. पण श्रोत्यांत. आपण लिहितो हे त्यांनी वाचनालयातल्या एकालाही कधी सांगितलं नव्हतं. पुढे या भिडस्तपणाची चांगलीच किंमत मोजावी लागली.

अडचण नेमकी कोणती

जानेवारी २०२४ मध्ये हाताशी १३ कथा होत्या, टंकलेली साधारण १९० पानं. अडचण विचारली तर ते म्हणत, "प्रोत्साहन मिळत नाही." हे खरं नव्हतं. गटांत प्रत्येक कथेखाली वीस-पंचवीस 'वा', 'छान', 'अप्रतिम' आणि हात जोडलेली चित्रं येत. कथाकथनाच्या छोट्या कार्यक्रमांत टाळ्याही मिळत. मिळत नव्हता तो संपूर्ण बाड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. कौतुक एकेका कथेचं होत होतं. १३ कथा ओळीने वाचल्यावर काय दिसतं, हे लेखकासकट कुणालाच ठाऊक नव्हतं.

जानेवारी ते जून त्यांनी तीन प्रकाशकांना बाड पाठवलं. एकाकडून उत्तर आलं नाही. दुसऱ्याने सरळ सांगितलं की रांग चौदा महिन्यांची आहे आणि नव्या लेखकाचा कथासंग्रह खपत नाही. उत्तर कडू असलं तरी प्रामाणिक होतं. तिसऱ्याने आठवड्याच्या आत 'पॅकेज' पाठवलं.

समोरचे रस्ते

पॅकेज असं होतं: लेखकाने ६८,००० रुपये द्यायचे. ३०० प्रती छापायच्या, त्यांतल्या १०० लेखकाला मिळणार, उरलेल्या २०० 'वितरणात' जाणार आणि त्यांवर दहा टक्के मानधन. खर्चाच्या तक्त्यात 'आयएसबीएन शुल्क ३,००० रुपये' अशी एक ओळ होती. त्या ओळीनेच संशय यायला हवा. भारतात पुस्तकाची ओळख पटवणारा हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, आणि स्वतःचं पुस्तक काढणारा लेखकही ऑनलाइन अर्ज करू शकतो.

कारखान्यातल्या खरेदी विभागाच्या एका सहकाऱ्याने कोटेशन तपासावं तसं ते पॅकेज तपासलं आणि तीन प्रश्न लिहून दिले. प्रत्यक्ष किती प्रती छापल्या याचं छापखान्याचं चलन दाखवणार का? हक्क किती वर्षांनी लेखकाकडे परत येणार? न खपलेल्या प्रतींचं काय होणार? पहिल्याला "विश्वासावर चालतं" असं उत्तर मिळालं, दुसऱ्याला "दहा वर्षं", तिसऱ्याला काहीच नाही. पॅकेज तिथेच बाद झालं. साहित्याशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाने केलेली ही मदत या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची. लेखकाला साहित्यिकांचाच आधार लागतो असं नाही.

दुसरा रस्ता थांबून राहण्याचा. तिसरा म्हणजे सगळं ई-पुस्तकात काढायचं. पण ज्यांच्याविषयी लिहिलं ती माणसं हातात पुस्तक धरणार नसतील तर काय उपयोग, असं लेखकाचं म्हणणं होतं. चौथा रस्ता स्वतः थोड्या प्रती काढण्याचा, आणि तो धरला. पाचवाही एक रस्ता होता, तो तेव्हा कुणाच्याच लक्षात आला नाही. त्याबद्दल शेवटी.

वाचक शोधणं

छपाईचा विचार बाजूला ठेवून जुलै २०२४ मध्ये आधी वाचक शोधायचं ठरलं. चार जण निवडले: शेजारच्या इमारतीतल्या निवृत्त मराठीच्या शिक्षिका, कारखान्यातला एक सुपरवायझर, कविता लिहिणारा एक बँक कर्मचारी आणि लेखकाची भाची. बाड मोबाइलवर पाठवलं नाही. बारा पॉइंटच्या अक्षरात, ओळींत दुप्पट अंतर आणि उजवीकडे दोन इंच समास सोडून, पानाच्या एकाच बाजूला छापून दिलं. मोबाइलवर दिलेलं बाड 'सवडीने' वाचलं जातं, म्हणजे वाचलं जात नाही. टेबलावर पडलेला गठ्ठा मात्र डोळ्यांना खुपत राहतो.

'कसं वाटलं ते सांगा' असं न म्हणता सोबत एका कागदावर चारच प्रश्न दिले. कुठे थांबावंसं वाटलं? कोणतं पात्र कोण हे विसरायला झालं? कोणत्या दोन कथा काढून टाकाल? कोणती कथा दुसऱ्याला वाचायला द्याल? मुदत तीन आठवडे.

बँकेतल्या कवींनी बाड परत दिलंच नाही. भाचीने 'मस्त आहे मामा' एवढंच कळवलं. घरच्या माणसाला पहिला वाचक करू नये, याचा आणखी एक पुरावा. सुपरवायझरने काही लिहिलं नाही, पण चहाच्या टपरीवर चाळीस मिनिटं बोलला. त्यात दोन तांत्रिक चुका निघाल्या. एका कथेत मापं तपासायचं गेज चुकीच्या टप्प्यावर वापरलं होतं. दुसरीत रात्रपाळीचा माणूस ज्या वेळी कँटीनमध्ये दिसतो, त्या वेळी कँटीन बंद असतं.

खरं काम शिक्षिकांनी केलं. त्यांनी समासात पेन्सिलने फक्त एक अक्षर लिहिलं होतं: 'थां'. म्हणजे इथे मी थांबले. १३ पैकी नऊ कथांत पहिला 'थां' दुसऱ्या पानाच्या आत होता. बाड परत देताना त्या म्हणाल्या, "दादा, छान आहे हे सगळे सांगतातच. तुमच्या सहा कथा भोंग्याने सुरू होतात. पहिल्यांदा मला कारखाना ऐकू आला. चौथ्यांदा मी भोंगा वाजला की पान उलटायला लागले."

लेखकाला हे लागलं. दोन आठवडे ते त्यांच्याकडे फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी गेले. "बाई, भोंगा कुठल्या एका कथेत ठेवू?" बाई म्हणाल्या, "ज्या कथेत तो वाजत नाही, तिच्यात." संपाच्या कथेत तोवर भोंग्याचा उल्लेखच नव्हता. ती आता न वाजलेल्या भोंग्याने सुरू होते आणि संग्रहातली पहिली कथा आहे.

या फेरीत दोन कथा गळल्या आणि सात कथांची सुरुवात बदलली. ११ कथा आणि छापील १६० पानं उरली. डेमी आकारात १६ पानांचा एक फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापला जाणारा गठ्ठा, धरला तर बरोबर दहा फॉर्म. पुढे कधी ऑफसेटवर, म्हणजे जास्त प्रतींसाठीच्या प्लेटवरच्या छपाईवर, जायचं झालं तर अर्धा फॉर्म कोरा जाणार नाही, म्हणून या आकड्यावर मुद्दाम आणलं.

संपादन आणि अक्षरजुळणी: गाडी कुठे अडली

संपादन आणि मुद्रितशोधन (छपाईआधी चुका काढणं) मिळून पानाला ४० रुपये ठरले. पहिल्याच खेपेला घोळ झाला. मुद्रितशोधकाने संवादांतलं 'व्हय' बदलून 'होय' केलं, 'काय ओ'चं 'काय हो' केलं, आणि मालेगावकडचा फिटर एकदम पुण्याचा झाला. दोष त्याचा नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग एका पानाची यादी केली: निवेदन प्रमाण भाषेत, संवाद जसेच्या तसे आणि हे ४२ शब्द हात न लावता ठेवायचे. हा कागद पहिल्या दिवशी दिला असता तर तीन आठवडे वाचले असते.

त्याहून मोठी अडचण फॉन्टची. बाड मोबाइलवर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात होतं आणि अक्षरजुळणी श्रीलिपीत, जिचे संकेत वेगळे. रूपांतर करून पहिलं प्रूफ आलं, तेव्हा 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालेलं, 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर', 'पायऱ्या'चं 'पायर्या'. सगळीकडे नाही, काही कथांतच. कारण शोधायला वेळ लागला. 'ऱ्या' मोबाइलवर दोन प्रकारे साठवला जातो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला पहिला प्रकार कळला. दुसऱ्यातलं न दिसणारं चिन्ह गळून पडलं आणि र चा रफार झाला. लेखकाने मधल्या काळात फोन बदलला होता, म्हणून जुन्या फोनवरच्या कथा बिघडल्या आणि नव्या फोनवरच्या शाबूत राहिल्या. 'ॲ'चीही तीच गत. असे शब्द शोधून हाताने दुरुस्त करण्यात तिसरं प्रूफ गेलं. रूपांतराआधी मूळ फाइलमध्ये शोधा-बदला करून सगळे 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' एकाच पद्धतीचे करून घेतले, तर हे दहा मिनिटांत होतं.

यातून आणखी एक गुंता झाला. तिन्ही प्रुफांच्या दुरुस्त्या जुळणीच्या फाइलमध्ये झाल्या, लेखकाच्या युनिकोड फाइलमध्ये नाहीत. म्हणजे शुद्ध मजकूर फक्त श्रीलिपीत उरला आणि ई-पुस्तकाला लागणारी फाइल अशुद्धच राहिली.

आयएसबीएनचा अर्ज डिसेंबरमध्ये केला. ओळखपत्र, शीर्षकपान आणि मुखपृष्ठाचा नमुना द्यावा लागला. क्रमांक १९ दिवसांनी आला. तोवर मलपृष्ठ अडून राहिलं, कारण बारकोड तिथे जातो. हा अर्ज मुखपृष्ठ पक्कं होताच करायला हवा, छपाईच्या तोंडावर नाही.

दोनशे की पाचशे

डिजिटल छपाईत २०० प्रती, प्रत ९२ रुपयांना. ऑफसेटवर ५०० प्रती, प्रत ५८ रुपयांना. बिल १८,४०० आणि २९,०००. ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने पाचशेचा सल्ला दिला, कारण दर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरतो. पण दर पाहायचा तो खपणाऱ्या प्रतीचा. दिवाणाखाली पडलेली प्रत ५८ रुपयांनाही महागच. लेखकाने आधी खपाचा अंदाज घ्यायचं ठरवलं.

किंमत २२० रुपये आणि छपाईआधी नोंदवणाऱ्याला १८०. तीन व्हॉट्सॲप गटांत निरोप टाकला, सोबत संपाच्या कथेचं पहिलं पान. तिन्ही गट मिळून ११ नोंदी आल्या. ज्या गटांत वर्षानुवर्षं 'अप्रतिम' येत होतं, तेच हे गट. मग लेखकाने १४० जणांची यादी करून एकेकाला फोन केले. रोज पाळी सुटल्यावर आठ-दहा. त्यातून ७५ नोंदी झाल्या. गटातला निरोप सगळ्यांना असतो, म्हणून तो कुणालाच नसतो. फोनवर माणूस हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. पैसे आल्याशिवाय नाव वहीत लिहायचं नाही हा नियम त्यांनी पाळला, अगदी साडूच्या बाबतीतही.

८६ नोंदींचे १५,४८० रुपये छपाईची ऑर्डर देण्याआधी हातात होते. २०० प्रतींचं नक्की झालं.

प्रकाशन कुठे करायचं

लेखकाच्या मनात २७ फेब्रुवारी होती: कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. नाशिकमध्ये त्या दिवशी गल्लोगल्ली कार्यक्रम असतात. सभागृह मिळणं अवघड, वक्ते आधीच ठरलेले, श्रोते विभागलेले. नवख्या माणसाने तो दिवस टाळावा हे उत्तम. तारीख ९ मार्च २०२५, रविवार, अशी ठरली.

जागेवरून वाद झाला. गंगापूर रोडला केलं तर 'साहित्यातली माणसं' येतील, असं मित्रांचं मत. शिक्षिकांनी विचारलं, ८६ जणांनी आधी पैसे भरले, त्यांतले गंगापूर रोडला किती राहतात? वही काढून मोजलं तर नऊ. कार्यक्रम सातपूरमधल्या कामगार वसाहतीच्या समाजमंदिरात, संध्याकाळी साडेपाचला झाला. व्यासपीठावर तीनच खुर्च्या, शाल-श्रीफळ नाही, भाषणं दोन. एका निवृत्त टर्नरने कथेची चार पानं वाचली, अडखळत, पण सभागृह गप्प होतं. सत्तरएक माणसं आली. ज्यांनी नोंदणी केली नव्हती त्यांनी ३१ प्रती घेतल्या. विक्रीचं टेबल दाराशी होतं आणि चहा त्याच्या पलीकडे. ही मांडणी खरेदीवाल्या सहकाऱ्याची.

कायदेशीर बाब एकच, पण बरेच जण ती विसरतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने, म्हणजे इथे लेखकाने, ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. त्या चार प्रती गेल्या. शासनमान्य ग्रंथयादीसाठी ग्रंथालय संचालनालयाला एक प्रत गेली. अनुदानित वाचनालयं खरेदी करताना ही यादी पाहतात, तेव्हा ती प्रत वाया गेली असं समजू नये.

टपालाचं नशीब आड आलं. पुस्तकांसाठीची सवलतीची रजिस्टर सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली होती. टपाल खात्याची पुस्तकांसाठीची नवी सेवा, ज्ञान पोस्ट, १ मे २०२५ ला सुरू झाली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर. मधल्या दोन महिन्यांत बाहेरगावच्या वाचकांनी टपालखर्च ऐकून विचार बदलला. नंतर गाडी सुरळीत झाली. १६० पानांचं हे पुस्तक ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर साधारण १९० ग्रॅम भरतं, पाकिटासह सव्वादोनशेच्या आत. हेच २४० पानांचं असतं तर काटा ३०० च्या आसपास डुगडुगला असता. पानं ठरवताना तराजूही बघावा.

सहा महिन्यांचा हिशेब

खर्च: संपादन-मुद्रितशोधन ६,४००, अक्षरजुळणी ५,६००, मुखपृष्ठ ४,०००, छपाई १८,४००, समारंभ २,६००. एकूण ३७,००० रुपये.

विक्री: नोंदणीतल्या ८६ आणि समारंभातल्या ३१ प्रती १८० रुपयांना. तीन दुकानांत प्रत्येकी १२ प्रती जांगड (खपल्या तर पैसे, नाहीतर परत) ठेवल्या होत्या, ३५ टक्के कमिशनवर. त्यांतल्या २२ गेल्या, म्हणजे प्रत १४३ रुपये. टपालाने १९ प्रती पूर्ण किमतीला, टपालखर्च वेगळा. जमा २८,३८६. तूट ८,६१४ रुपये.

भेटीदाखल आणि नियमाप्रमाणे २६ प्रती गेल्या. शिल्लक १६, त्यांतल्या १४ दुकानांतून परत आलेल्या आणि निम्म्यांचे कोपरे दुमडलेले. जांगड माल परत येतो तो असा. दुकानात ठेवताना प्रत्येक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली असती तर पाच-सहा प्रती वाचल्या असत्या.

तूट दिसते, पण तिच्यातले १६,००० संपादन, जुळणी आणि मुखपृष्ठाचे आहेत. ते पुन्हा लागणार नाहीत. दुसऱ्या खेपेचं १०० प्रतींचं कोटेशन ९८ रुपये दराचं आहे. १८० ने विकली तरी प्रतीमागे ८२ रुपये सुटतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक क्रमाची. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. आधी म्हटलेला पाचवा रस्ता तो हाच. हस्तलिखितं साधारण वर्षाच्या सुरुवातीला मागवली जातात. जानेवारी २०२५ मध्ये हे बाड जुळणीवाल्याकडे होतं. लेखकाला योजना कळली एप्रिलमध्ये, सावानात पुस्तकाची प्रत द्यायला गेले तेव्हा. तिथल्या ओळखीच्या माणसाने विचारलं, "अहो, तुम्ही लिहिता हे बोलला नाहीत कधी! नवलेखकला का नाही टाकलं?" आता पुस्तक छापून झालेलं, पहिलेपण संपलेलं. अनुदान मिळालंच असतं असं नाही आणि वर्षभर थांबावंही लागलं असतं. पण हा पर्याय तोलून नाकारला गेला नाही, तो समोर आलाच नाही, याची रुखरुख आहे. दर रविवारी भेटणाऱ्या माणसाला तीन वर्षांत एक वाक्य बोललं असतं तरी पुरलं असतं.

दुसरी चूक दिवाळी अंकांची. एकही कथा कुठे पाठवली नाही. संपादक उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला मजकूर गोळा करतात. २०२४ च्या जुलैत सुधारलेल्या दोन कथा पाठवल्या असत्या तर नकार आला तरी संपादकाची नजर मोफत मिळाली असती. शिवाय छापून आलेल्या कथेचा उल्लेख पाठराखणीत, म्हणजे मलपृष्ठावरच्या मजकुरात, करता आला असता.

प्रतिलिपीवरच्या पाच कथांचा निर्णय अजून अर्धवट आहे. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं तर सिलेक्ट योजनेत जावं लागतं, आणि तिथे मजकूर डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही असून चालत नाही. कथा काढल्या तर त्यांच्याखालचे वाचकांचे अभिप्राय जातात, न काढल्या तर मानधन ३५ टक्क्यांवर येतं. लेखकाचा कल अभिप्राय राखण्याकडे आहे. आमच्या मते तो बरोबर आहे, कारण या विक्रीतून मिळणारा फरक काही शे रुपयांपलीकडे जाणार नाही. पण ई-पुस्तक अडलं आहे ते वेगळ्याच कारणाने. छापील प्रत समोर ठेवून युनिकोड फाइल पुन्हा दुरुस्त करायची आहे आणि आजवर ११ पैकी चारच कथा झाल्या आहेत.

शिक्षिकांकडे सध्या नव्या बाडाची पहिली ६० पानं आहेत. दुसऱ्या खेपेची ऑर्डर उरलेल्या १६ प्रती संपल्यावरच द्यायची, असं लेखकाने वहीत लिहून ठेवलं आहे.